उसनी कातडी

फोर्तालेझात पहाटे पाचला
बर्फाच्या खोक्यांतून येतात कातड्या.
मी मोजते: चाळीस, बेचाळीस.
मांस कधीच कुणाच्या तरी तव्यावर गेलेलं,
हे उरलेलं एरवी उकिरड्यावर जायचं.

खरवडायचं, शेवटचा तंतू सुटेपर्यंत.
धुवायचं. पुन्हा धुवायचं.
ग्लिसरीनमध्ये बुडवायचं, वास मरेपर्यंत.
माझ्या हातांचा मात्र मरत नाही;
बसमध्ये शेजारची बाई खिडकीकडे सरकते.
मग पाकिटं किरणांखालून जाऊन परत येतात
आणि फ्रिजमध्ये कितीतरी महिने गप्प बसते
एका तिलापियाची पाठ.

दोना लिंदाल्वा आली ती मार्चमध्ये.
गॅस महागला म्हणून स्पिरिटवर घेवडा शिजवत होती.
त्या आगीची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही.
बाही पेटली तेव्हा तिला वाटलं,
कुणीतरी हात धरला.

मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत आम्ही मासे मांडले.
खवल्यांची नक्षी वर, ओली बाजू जखमेला.
तिने मान वळवून पाहिलं आणि विचारलं,
"कुठल्या पाण्यातले?"
पाकिटावर असतं लिहिलेलं. वाचलं मी: कास्तान्यांव.
ती हसली, आणि गळ्याखाली ताण बसला तशी मध्येच थांबली.
"म्हणजे माझ्या स्वयंपाकघरातले."

धरण भरलं तेव्हा जुनं जाग्वारिबारा खाली गेलं.
चर्च, बाजार, तिचं घर, चुलीचा ओटा.
सरकारने वर नवं गाव दिलं, सरळ रस्त्यांचं,
नाव तेच.
आता त्या पाण्यावर जाळीचे पिंजरे तरंगतात
आणि पिंजऱ्यांत मासे फिरतात,
तिच्या छपरावरून, गोल गोल.

मी काहीच बोलले नाही. कात्री पुसत राहिले.

रोज पट्टी सोडायची नाही, एवढं सुख यात.
आधी रोज सकाळी माणूस नव्याने सोलून निघायचं,
किंकाळ्या जिन्यापर्यंत यायच्या.
ही चिकटून बसते, आपली ओल देते,
खाली काय चाललंय त्याचा पत्ता लागू देत नाही.

सातव्या दिवशी डॉक्टर एवांद्रोने तिला
सूक्ष्मदर्शकातले दोन फोटो दाखवले.
डावीकडे धड त्वचा, उजवीकडे वण.
चाळीस वर्षं उशीवर लाकडी दांड्या नाचवून
लेस विणलेली बाई ती. चष्मा मागितला.
"ही डावी कुणीतरी निवांत बसून विणलीय,
आडवे, तिरपे, मध्ये श्वासाला भोकं.
ही उजवी बघ. सगळे धागे एकाच अंगाला ओढलेत.
गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की असंच होतं."
एवांद्रो नऊ वर्षं हेच शिकतोय.
खिशातून पेन काढून लिहून घेतलं त्याने.

खरंच, शरीराला घाई असते.
भोक बुजलं की त्याचं काम संपलं, नक्षीशी देणंघेणं नाही.
मासा बहुधा एवढंच म्हणत असेल त्याला:
बस जरा. मी आहे दाराशी.

अकराव्या दिवशी व्हॅसलीन चोळून सोडवली.
वाळून चपलेच्या तळासारखी ताठ झालेली.
खाली हात होता,
गुलाबी, चकचकीत, नुकताच न्हाऊ घातल्यासारखा.
कोपरापाशी बोटभर जागी धागे ओढलेलेच राहिले.
"इथे तुझ्या माशाला डुलकी लागली," ती मला म्हणाली.

काढलेलं पिवळ्या पिशवीत टाकून जाळायचं, असा नियम.
तिने माझं मनगट धरलं.
कातडी उलटसुलट करून पाहिली,
शेजारणीची वाटी परत करताना बघावी तशी.
"रिकामीच द्यायची?"

नोव्हेंबरात पाणी उतरलं. तिने फोटो पाठवला.
चिखलातून वर आलेला चर्चचा पाया,
अर्ध्या भिंती, एक पायरी,
आणि चौकटीत शिरलेला तिचाच हात, काहीतरी दाखवणारा,
कोपराशी ती बोटभर सुरकुती.
खाली लिहिलं होतं:
ओटा नाही सापडला.
तिथे अजून पाणी आहे.